बचत कशी सुरू करायची, हे कुणी सांगत नाही

महोदय,

घरगुती बचत घटली, माणसं हप्त्यांवर जगायला लागली, अशा बातम्या आणि लेख गेल्या दोन-तीन वर्षांत आपण बरेच छापले. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या सुमारे पाच टक्क्यांवर आली होती. काळजीचीच गोष्ट आहे. पण ज्या घरात आजवर पासबुक आलंच नाही, त्या घरानं येत्या पगाराला नेमकं काय करायचं, हे त्या लेखांत कुठे सापडत नाही. तेवढंच सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण यातला तपशीलच उपयोगाचा आहे, म्हणून शक्य तर न कापता छापावं ही विनंती.

मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. १९७२ पासून चालू असलेली ही सरकारी योजना. आम्ही बायका घरोघरी जाऊन पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आरडीचे, हप्ते गोळा करतो आणि पोस्टात भरतो. या कामाचं चार टक्के कमिशन आम्हाला सरकार देतं, खातेदाराच्या पैशांतून एक रुपयाही कापला जात नाही. हे आधीच सांगते, म्हणजे माझं म्हणणं वाचकांनी त्या हिशेबानं तोलावं. आणि हेही सांगते की आरडीसाठी एजंट लागतोच असं नाही. खिडकीवर जाऊन स्वतः भरता येतं, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या अ‍ॅपवरूनही भरता येतं.

माझे बहुतेक खातेदार इचलकरंजीतल्या यंत्रमागांवर काम करणारे, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्या, शिलाई करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या. या घरांबद्दल एक गोष्ट फार सहज बोलली जाते: चहा-तंबाखू, मोबाइल, मुलांचा खाऊ यांत पैसा जातो, तो वाचवा म्हणजे बचत होईल. इतक्या वर्षांत मी जेवढी घरं जवळून पाहिली, त्यांत हे क्वचितच खरं निघालं. घराची घडी मोडते ती ठरलेल्या वेळी येणाऱ्या मोठ्या खर्चांनी. जून दरवर्षी येतो, दिवाळी दरवर्षी येते, गाडीचा विमा दरवर्षी त्याच महिन्यात संपतो. तरीही तो खर्च दरवेळी अचानक आल्यासारखा येतो, कारण त्याची रक्कम वर्षभर कुणी धरलेलीच नसते.

माझ्याकडच्या एका घराचा हिशेब देते. नवरा मागावर, बायको घरी शिलाई करते, दोन मुलं, सासूबाई. आम्ही दोघींनी त्यांच्या ओट्यावर बसून मुलाच्या जुन्या वहीत वर्षाचे खर्च मांडले. जूनमध्ये फी, वह्या-पुस्तकं, गणवेश मिळून ११ हजार. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य आणि चटणीच्या मिरच्या, ९ हजार. दिवाळी ८ हजार. घरपट्टी-पाणीपट्टी ३ हजार. गाडीचा विमा आणि दुरुस्ती अडीच हजार. लग्नकार्यांतले आहेर अडीच हजार. बेरीज ३६ हजार. ती बाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, म्हणजे आठवड्याला सातशे रुपये बाजूला पाहिजेतच की." तिला भागाकार मी सांगितला नव्हता. ३६ हजाराला ५२ नं भागलं की ६९२ येतात.

एवढे सातशे पहिल्याच आठवड्यापासून निघणार नाहीत, निघालेही नाहीत. पण आकडा कळला की घरातलं बोलणं बदलतं. आधी "दिवाळीचं दिवाळीला बघू" असं चालायचं. त्या घरानं पहिल्या वर्षी फक्त जूनचा खर्च धरला. आठवड्याला सव्वादोनशे. त्या जूनमध्ये त्यांना कुणाकडे हात पसरावा लागला नाही. पुढच्या वर्षी धान्याचा खर्च त्यात घेतला. ज्यांना बचत सुरू करायची आहे त्यांना माझा पहिला सल्ला हाच: गुंतवणूक, परतावा हे शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा. वर्षाचे ठरलेले मोठे खर्च एका कागदावर लिहा, त्यातला एक निवडा आणि तेवढ्याचीच तजवीज करा.

कारण ती तजवीज नसली की काय होतं ते मी पाहते. जूनला दहा हजार कमी पडले की शेकडा पाचनं उचलायचे. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार रुपये नुसतं व्याज, आणि मुद्दल तसंच उभं. ही बाई महिन्याला पाचशे रुपये भरू शकते, हे त्या व्याजानंच सिद्ध केलेलं असतं. फक्त ते पैसे दुसऱ्याच्या घरी जातात. "आम्हाला शंभर रुपयेसुद्धा मागे टाकता येत नाहीत" असं कुणी म्हणालं की मी विचारते, व्याज किती भरता? आणि मग आम्ही पुन्हा हिशेबाला बसतो.

कर्ज असताना बचत करावी का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. जाणकार सांगतात की आधी महागडं कर्ज फेडा. गणितानं ते बरोबरच आहे. महिन्याला पाच टक्के व्याज देणाऱ्यानं वर्षाला सात टक्के मिळवून काही हाती लागत नाही. क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिलसुद्धा महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतं, ते आधी मिटवावं. तरी माझं मत थोडं वेगळं आहे. सगळा पैसा कर्जात घालून जे घर पूर्ण रिकामं राहतं, ते पुढच्या तापाला किंवा पुढच्या मंदीला परत त्याच सावकाराच्या दारात उभं राहतं. म्हणून कर्ज फेडताना निदान शंभर रुपयांचा एक हप्ता चालू ठेवा असं मी सांगते. शंभर रुपयांत पोस्टाची आरडी निघते, त्यापुढे दहाच्या पटीत कितीही. कर्ज मिटलं की सावकाराला जाणारी रक्कम त्याच खिडकीकडे वळवायची. हात आधीच तिकडे वळलेला असतो, त्यामुळे ते सोपं जातं.

आता तारखेबद्दल. बचत उरलेल्या पैशांतून होत नाही, हे सगळेच सांगतात. पगार झाल्या दिवशी आधी बचतीचे काढायचे आणि उरलेल्यात घर चालवायचं, हे खरं. पण मासिक पगार असलेल्यांना जे सोपं जातं ते आठवड्याच्या पगाराला तसंच्या तसं लागू होत नाही. आठवड्याला पगार घेणाऱ्यानं महिन्याचा पाचशेचा हप्ता एकदम काढायचा म्हटलं तर त्या आठवड्यात किराणा अडतो. त्यानं प्रत्येक पगाराला सव्वाशे काढून बचत खात्यात टाकावेत आणि चार झाले की हप्ता भरावा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्षात चार महिने असे येतात की ज्यांत पाच पगार होतात. घरभाडं, लाइट बिल, क्लासची फी ही तर महिन्याचीच असतात, ती चार पगारांतच भागलेली असतात. म्हणून त्या पाचव्या पगारातून किराणा आणि भाजी वजा जाता जे राहतं ते पूर्ण बाजूला पडू शकतं. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर असे महिने खूण करून ठेवायला मी सांगते. ज्या बायकांनी हे केलं, त्यांच्या दिवाळीचा निम्मा खर्च त्यातून निघाला.

महिन्याचा पगार असलेल्यांसाठी आरडीचा एक नियम फार कामाचा आहे आणि तो खातं उघडतानाच कळायला हवा. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खातं उघडलं तर पुढचे सगळे हप्ते दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागतात. १६ तारखेनंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. ज्याचा पगार सातला होतो त्यानं पहिल्या पंधरवड्यात खातं उघडावं, म्हणजे पैसे खर्च व्हायच्या आत हप्ता जातो. ज्याच्या हातात पैसे वीस तारखेच्या पुढे येतात त्यानं दुसऱ्या पंधरवड्यात. एवढ्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे दर महिन्याला दंड भरणारी घरं मी पाहिली आहेत. दंड तसा थोडा, शंभराला एक रुपया, पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. तोपर्यंत माणसाचं मनच त्यातून उठलेलं असतं.

हप्ता किती ठेवायचा? नवीन खातेदार नेहमी चांगल्या महिन्याच्या हिशेबानं बोलतो. बोनस हातात असतो, माग रात्रंदिवस चालू असतात, आणि "दोन हजाराची काढा" म्हणतो. मी विचारते, मागच्या मंदीत आठवड्याला किती येत होते? त्या आठवड्यात जो आकडा झेपला असता तो हप्ता ठरवावा. आणि हजार झेपणार असतील तर हजाराचं एक खातं न उघडता पाचशेची दोन उघडावीत. एखाद्या वर्षी ओढाताण झाली तर एक थांबवता येतं, दुसरं पूर्ण होतं. मध्येच मोडलेली पहिली बचत घराला फार मागे नेते. तोटा पैशांचा थोडा, पण "आपल्याला हे जमत नाही" ही समजूत घरात कायमची बसते आणि ती काढणं मला सगळ्यांत अवघड जातं.

पैसे किती होतात, तेही सांगते. हे लिहिते आहे तेव्हा आरडीला ६.७ टक्के व्याज आहे, तिमाही चक्रवाढीनं. महिन्याला पाचशे भरले की पाच वर्षांत ३० हजार जमा होतात आणि हातात सुमारे ३५ हजार ७०० येतात. खातं उघडताना जो दर असेल तोच पूर्ण मुदतीला राहतो. महागाई वजा केली तर यात फार कमाई नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, विमा आहे, कर्ज नाही, त्यांनी म्युच्युअल फंडांचा विचार जरूर करावा. पण पहिल्या ३५ हजारांचं काम वेगळं असतं. ते घराला पहिल्यांदा दाखवतात की आपल्या कमाईतून आपल्याच नावावर काही उभं राहू शकतं.

मात्र आरडी ही अडीअडचणीची रक्कम नव्हे, हे मी दर खातेदाराला खातं उघडतानाच सांगते. तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी मोडली तर बचत खात्याचंच व्याज मिळतं. बारा हप्ते झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आणि त्याचा व्याजदर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्केच जास्त असतो. शेकडा पाचच्या मानानं हा फार मोठा आधार आहे, पण तोही एका वर्षानंतर. म्हणून आरडीच्या आधी किंवा निदान बरोबरीनं, साध्या बचत खात्यात थोडी रक्कम हवी. पोस्टाचं बचत खातं पाचशे रुपयांत उघडतं, व्याज चार टक्के. १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यांत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरतात, म्हणून पैसे १० च्या आत टाकावेत. पहिलं लक्ष्य एका आठवड्याच्या पगाराएवढं ठेवा. मग एका महिन्याच्या घरखर्चाएवढं. एक महिना काम बंद पडलं तरी किराणा दुकानदाराकडे नजर खाली घालून जावं लागू नये, एवढी ती रक्कम.

हे खातं रोजच्या खर्चाच्या खात्यापासून वेगळं असावं आणि फोनवरच्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपला जोडू नये. गेल्या काही वर्षांत मला दिसलेला हा सगळ्यांत मोठा बदल आहे. पूर्वी पैसे काढायला बँकेत रांग लावावी लागायची, तेवढ्या वेळात माणूस दोनदा विचार करायचा. आता चौकातल्या चहाच्या गाडीपासून मोबाइलच्या हप्त्यापर्यंत सगळं एकाच खात्यातून जातं आणि शनिवारी शिल्लक किती आहे हे घरात कुणालाच सांगता येत नाही. तरुण मुलांना मी सांगते, ज्या खात्यावर फोन चालतो त्याच खात्यात बचत ठेवू नका.

पैसे कुठे ठेवायचे यावर आता थोडं. आमच्याकडे भिशी घरोघरी आहे. भिशीला मी नावं ठेवणार नाही. ठरलेल्या तारखेला, चार जणींच्या साक्षीनं पैसे काढण्याची सवय भिशीनंच बायकांना लावली. पण भिशी चालवणारी व्यक्ती गाव सोडून गेली तर हातात पावतीही नसते. जी रक्कम बुडाली तर आपलं घर हलेल, ती भिशीत असू नये. बचत गटाचं वेगळं आहे. तिथे बैठका होतात, वही असते, बँकेत गटाचं खातं असतं. नीट चाललेला गट हा बचतीची सुरुवात करायला उत्तम मार्ग आहे, आणि अडचणीला गटातूनच कमी व्याजात कर्ज मिळतं.

पिग्मीबद्दलही, म्हणजे रोज थोडे-थोडे पैसे भरायच्या ठेवीबद्दलही सांगते, कारण रोजची कमाई रोज हातात येणाऱ्यांना तीच सोयीची पडते. ही पद्धत १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेनं सुरू केली, तेव्हा रोज दोन आणे गोळा करत. भाजीवाल्या मावशींना महिन्याचे पाचशे जड वाटतात, रोजचे वीस वाटत नाहीत. मात्र पिग्मी कुणाची आहे ते बघा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकाही त्यात आल्या, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एक लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. पाटीवर दोघांचीही नावं सारखीच भारदस्त असतात, म्हणून ठेव ठेवण्याआधी "तुम्ही बँक की पतसंस्था?" एवढं विचारायला लाजू नका. आणि महिन्याला दोन-तीन टक्के देतो म्हणणारा कुणी घरी आला, नातेवाईक असला तरी, त्याला चहा पाजून परत पाठवा.

हाच सावधपणा माझ्याबाबतीतही ठेवा, असं मी माझ्या खातेदारांना सांगते. आरडीचं पासबुक खातेदाराच्याच घरी राहिलं पाहिजे. हप्ता दिला की एजंटकडून त्याच वेळी कार्डावर नोंद आणि सही घ्या, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पोस्टात जाऊन शिल्लक स्वतः तपासा. जी एजंट याला नाराज होईल तिच्याकडे पैसे देऊ नका.

आता घरातल्या बायकांच्या पैशांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा सगळा जीव त्यात आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्याच्या मागून केवढे पैसे बाहेर आले ते मी पाहिलं आहे. नवऱ्याला न सांगता, पै-पै करून जमवलेले. काही जणींना ते नवऱ्याच्या खात्यात भरावे लागले, कारण त्यांचं स्वतःचं खातंच नव्हतं, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या हातात ते परत आले नाहीत. बचत करायची अक्कल त्या बायकांकडे भरपूर होती. नव्हतं ते स्वतःच्या नावाचं पासबुक. आज जनधनमुळे खाती झाली, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार थेट बाईच्या खात्यात येतात. त्या दीड हजारातले पाचशे येत्या महिन्यापासून तिच्याच नावाच्या आरडीत जावेत, असा मी प्रत्येक घरी आग्रह धरते. योजना किती वर्षं चालेल कुणास ठाऊक, पण तोवर जमलेले पैसे तिचे राहतील.

पण चोरून केलेली बचत घराला फार पुढे नेत नाही, हेही तितकंच खरं. जिथे नवरा-बायको दोघं महिन्यातून एकदा वही घेऊन बसतात, त्या घरांची खाती मोडत नाहीत. मुलांनाही त्यात घ्यावं. पूर्वी शाळेत संचयिका असायची, मुलं आपल्या हातानं पैसे भरायची. आता दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं, स्वतःची सही करून. मुलीचं वय दहाच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी खातं अडीचशे रुपयांत निघतं आणि त्यावर सध्या ८.२ टक्के व्याज आहे. पण ती रक्कम फार दीर्घ मुदतीची आहे. घरात अडीअडचणीला एक रुपया नसताना केवळ व्याज जास्त म्हणून तिथे मोठा हप्ता लावू नये. अडीचशे भरून खातं उघडून ठेवावं, बाकीचं पुढे बघता येतं.

आजारपणाविषयी थोडक्यात. पाच वर्षांची बचत एका शस्त्रक्रियेत जाते. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँक किंवा पोस्टाच्या खात्यातून मिळतो, तो घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा हवाच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं जवळचं रुग्णालय येतं, कोणती कागदपत्रं लागतात, याची चौकशी घरात सगळे धडधाकट असतानाच करून ठेवावी. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या दारात ती होत नाही.

शेवटी मुदत संपतानाचं, कारण सुरुवातीइतकीच घरं तिथेही अडतात. पाच वर्षांनी रक्कम हातात यायची असते आणि त्याच्या दोन महिने आधीपासून ती कुणाला कुणाला कळते. उसने मागणारे येतात, मुलगा गाडी दाखवतो. म्हणून खातं पूर्ण व्हायच्या आधीच निम्म्या रकमेचं काय करायचं ते दोघांनी ठरवावं. ठरत नसेल तर अर्ज करून खातं आणखी पाच वर्षांपर्यंत वाढवता येतं, आणि वाढवलेलं खातं हवं तेव्हा बंदही करता येतं. मी बहुतेकांना सांगते की निम्मी रक्कम मुदत ठेवीत ठेवा, आणि जो हप्ता पाच वर्षं भरला तोच त्याच महिन्यात नव्या खात्यात सुरू करा. एक महिना मध्ये गेला की तो पैसा खर्चात मुरतो.

आणि ज्यांच्याकडे जुनी पासबुकं आहेत त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर ती काढून नामनिर्देशन कुणाच्या नावानं आहे ते पाहावं. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून आईचं नाव असतं, तीही कधीची गेलेली. एका खातेदाराच्या पत्नीला नवऱ्याच्याच पैशांसाठी वारसाची कागदपत्रं गोळा करत कितीतरी महिने फिरावं लागलं, मी तिच्याबरोबर होते. नाव बदलायला एक साधा फॉर्म लागतो.

आपल्या वृत्तपत्राला एक मागणी आहे. पोस्टाच्या सगळ्या अल्पबचत योजनांचे दर केंद्र सरकार दर तिमाहीला ठरवतं. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या अखेरीस ते जाहीर होतात. बातमी येते, पण "दर जैसे थे" एवढ्या एका ओळीत संपते. त्या दिवशी पहिल्या पानावर हाताच्या पंजाएवढी चौकट द्यावी: योजना कोणती, कमीत कमी किती रुपये, मुदत किती, दर किती, मध्येच मोडली तर काय होतं. अक्षरं मोठी असावीत, म्हणजे ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांनाही वाचता येईल. ती चौकट कापून मी माझ्या पिशवीत ठेवीन आणि दारोदारी दाखवीन.

आपली,
एक अल्पबचत एजंट, इचलकरंजी